संगणकाच्या गाभ्यातील वह्या आणि कुलपे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण आजवर पुष्कळ इतिहास ऐकला असेल. लढायांचा ऐकला, तहांचा ऐकला, सनदा आणि वतने यांचाही ऐकला. मी सांगणार आहे त्या इतिहासात राजा नाही, सेनापती नाही. तो आहे एका वहीचा आणि तिच्यावरच्या कुलपांचा. संगणकाने एखादी नोंद ‘झाली’ असे सांगितले तर ती खरोखर कोठे झाली, कोणाच्या हातून झाली, आणि ती चालू असता दुसऱ्याचा हात मध्ये पडू नये म्हणून काय बंदोबस्त होता, इतकाच माझा विषय. परंतु आज आपला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बँकेतील शिल्लक आणि शेताचा सात-बारा ही सारी याच वहीत आहेत. तेव्हा हा विषय केवळ इंजिनियर मंडळींचा आहे असे म्हणून भागणार नाही.

मी शिकलेला इंजिनियर नव्हे. कारखान्याच्या दारात उभा राहून हजेरीपट आणि पगारपत्रके पडताळण्यात माझी तीस वर्षे गेली. जे काही वाचले ते रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. म्हणून माझी भाषा पेढीवरची आणि गोदीवरची निघेल, ती आपण चालवून घ्यावी.

संगणकात एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालतात. कोणी पत्र लिहितो, कोणी हिशेब करतो, कोणी गाणे वाजवतो. यांपैकी कोणासही डिस्कला थेट हात लावण्याचा अधिकार नाही. डिस्क, स्मृती, बाहेरची तार या सर्वांवर एकाच मुनिमाचा ताबा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. बाकीचे सारे पेढीच्या कठड्याबाहेर उभे असलेले गिऱ्हाईक. “माझे एवढे लिहून घ्या” असे त्यांनी म्हणायचे, आणि मुनिमाने लिहून “झाले” म्हणायचे. त्या ‘झाले’ या शब्दाचा अर्थ काय, यावर गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत जे रामायण घडले, ते आता पाहू.

१९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची व्यवस्था उभारण्यास प्रारंभ केला. हाताशी होते पीडीपी-७ नावाचे एक लहान, त्या काळीही जुने झालेले यंत्र. पुढे ते पीडीपी-११ वर गेले. डिस्क तेव्हा फार सावकाश चाले. प्रत्येक गिऱ्हाइकाचे लिखाण लगोलग डिस्कवर चढवू म्हटले तर सगळी पेढी खोळंबून बसायची. म्हणून त्यांनी आपल्याकडील व्यापारी जे करीत आले तेच केले. स्मृतीमध्ये एक खर्डा ठेवला. गिऱ्हाइकाने सांगितलेले मुनीम खर्ड्यात टिपून घेई आणि “झाले” म्हणे. मग सुमारे तीस सेकंदांनी एकदा, साचलेले सगळे खर्ड्यातून पक्क्या वहीत उतरवले जाई. या उतरवण्याला ‘सिंक’ असे नाव होते.

वेग पुष्कळ वाढला, यात संशय नाही. पण खर्डा हा विजेवर जगणाऱ्या स्मृतीत असल्यामुळे वीज गेली की खर्डा पुसला जाई आणि त्या अर्ध्या मिनिटाचे काम जाई. एवढ्यावरच थांबले असते तर लोकांनी सोसले असते. खरे दुखणे निराळे होते. एक नवी फाइल करायची म्हणजे पक्क्या वहीत किमान तीन ठिकाणी लिहावे लागते. फाइलीचा स्वतःचा उतारा, म्हणजे ती किती मोठी, कोणाची, डिस्कच्या कोणकोणत्या खणांत ठेवली, हे एक. युनिक्समध्ये त्याला आयनोड म्हणतात. तिचे नाव ज्या सूचीत घालायचे ती सूची, हे दुसरे. आणि रिकाम्या खणांच्या यादीतून ते खण कमी करणे, हे तिसरे. आता यांपैकी दोन झाली आणि तिसरे व्हायच्या आत वीज गेली असे समजा. खण फाइलीत तर आहे, पण रिकाम्यांच्या यादीतही आहे. उद्या तोच खण दुसऱ्या फाइलीला दिला जाईल. चाळीतील एकच खोली दोन भाडेकरूंना दिल्यासारखे झाले, आणि दोघांजवळही पावती आहे!

हा गोंधळ निस्तरण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू होताना सर्व वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पडताळून पाहणारा एक तपासनीस लिहिला गेला. टी. जे. कोवाल्स्की यांचे हे काम १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरचे. तपासनीस चोख होता, पण डिस्का वाढत गेल्या तसा त्याचा वेळही वाढत गेला, आणि वीज जाऊन आल्यावर लोक तासन्‌ तास पडद्याकडे पाहत बसू लागले. शिवाय तपासनिसाला वहीतील विसंगती दिसते, गेलेला मजकूर त्याला कोठून आणता येणार?

येथवर झाली वहीची गोष्ट. आता कुलपांकडे वळू.

युनिक्सच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत कुलूप म्हणजे प्रत्येक उताऱ्यावर लावलेली एक खूण होती: ‘कामात आहे’. दुसऱ्या कोणाला तोच उतारा हवा असेल तर तो ‘मला हवा आहे’ अशी दुसरी खूण करून झोपी जाई, आणि पहिल्याचे काम आटोपले की त्याला उठवले जाई. यंत्रात प्रक्रियक एकच असल्यामुळे, म्हणजे आकडेमोड करणारा हात एकच असल्यामुळे, एवढ्यावर निभावले. ही सारी आज्ञावली सुमारे नऊ-दहा हजार ओळींची होती. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये ती ओळीओळीने समजावून सांगणारी टीका आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली. मालक कंपनीने तिच्या प्रसाराला आडकाठी केली, तेव्हा ती झेरॉक्सच्या प्रतींवर जगभर फिरली, आणि उघडपणे छापली गेली ती थेट १९९६ साली. ज्ञानावर कुलूप घातले की लोक किल्ली तयार करतातच.

कुलपांचे शास्त्र मात्र त्याआधीच हॉलंडमध्ये मांडले गेले होते. आयंडहोव्हेन येथील एडस्खर डायक्स्ट्रा यांनी १९६० नंतरच्या दशकात ‘सेमाफोर’ ही कल्पना आणली. हा शब्द रेल्वेचा. डच भाषेत त्यांनी त्याला नावही रेल्वेच्या सिग्नलाचेच दिले होते. रेल्वे कामगारांत वावरलेल्या माणसाला ही कल्पना समजायला ग्रंथ लागत नाही. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून आपल्याकडे नील साहेबाच्या यंत्रातला पोलादी गोळा ड्रायव्हरला दिला जाई. चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या कड्याला लावून तो धावत्या गाडीत झेलायचा. गोळा हातात नाही तर पुढच्या स्टेशनापर्यंतच्या रुळावर पाऊल नाही. दोन स्टेशनांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. संगणकातील कुलूप म्हणजे हा गोळा होय. डायक्स्ट्रांनीच हेही दाखवून दिले की दोन गोळे लागणारी कामे असली आणि एकाने पहिला, दुसऱ्याने दुसरा धरून ठेवला, तर दोघेही जन्मभर उभे राहतील. कोणाचीच लबाडी नाही, कोणाचीच चूक नाही, आणि तरीही गाडी हलत नाही.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा नवा गाभा लिहिण्यास घेतला आणि जगाला वाचायला मोकळा ठेवला. त्यासाठी रेमी कार्ड यांनी १९९२ मध्ये ‘एक्स्ट’ ही आणि १९९३ मध्ये ‘एक्स्ट-२’ ही फाइल-व्यवस्था रचली. मग एका यंत्रात दोन-दोन, चार-चार प्रक्रियक बसू लागले आणि जुन्या खुणा अपुऱ्या पडल्या. १९९६ च्या २.० आवृत्तीत यावर जो उपाय केला तो गावठी पण धडधाकट होता: सगळ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप. दोन कारकून असले तरी पेढीच्या आत एका वेळी एकानेच जायचे. यात एक विचित्र सवलत होती. आत गेलेला कारकून काम करता करता झोपी गेला, म्हणजे डिस्कची वाट पाहू लागला, तर त्याच्या हातातील कुलूप आपोआप सुटे, आणि जागा होताच आपोआप पुन्हा हाती येई. मधल्या वेळात दुसरा येऊन वही चाळून गेला, हे पहिल्याला कळत नसे. या सवलतीवर कोणकोणती आज्ञावली विसंबून आहे हे कोणालाच नीट सांगता येईना. म्हणून ते एक कुलूप काढून त्या जागी शेकडो लहान कुलपे बसवण्यास पंधरा वर्षे लागली. शेवटचा अवशेष २०११ च्या मे महिन्यात, २.६.३९ या आवृत्तीत निघाला. हे अखेरचे काम आर्न्ड बेर्गमन यांनी केले.

कुलपे शेकड्यांनी झाली तेव्हा ती कोणत्या क्रमाने घ्यायची हा प्रश्न आला. क्रम सर्वांचा एकच असेल तर डायक्स्ट्रांचा तिढा पडत नाही. पण हजारो माणसे जगभर बसून आज्ञावली लिहितात, त्यांचा क्रम एक कसा ठेवणार? इंगो मोलनार यांनी २००६ मध्ये गाभ्यातच एक पहारेकरी बसवला. कोणते कुलूप कोणाच्या मागून घेतले गेले याची तो टिपणी ठेवतो, आणि दोन ठिकाणी उलटसुलट क्रम दिसला की तिढा पडण्याची वाट न पाहता ओरडतो. अपघात व्हायच्या आधी ओरडणारा माणूस कारखान्यात फारसा लोकप्रिय नसतो. येथे मात्र त्याचे मोल लवकर कळले.

पुन्हा वहीकडे येऊ. लिहिण्याच्या क्रमाची शिस्त पाळून वही वाचवण्याचे प्रयत्न कॅलिफोर्नियात बर्कले येथे झाले. पण ज्याने प्रश्नाचे मूळ धरले ते उत्तर आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे रोजकीर्द. पेशवे दफ्तरातील मोडी रोजकीर्दींचे रुमाल पुण्यात आहेत. खतावणीत खाते फिरवण्यापूर्वी त्या दिवशी काय झाले ते घडले त्या क्रमाने एका जागी लिहून ठेवायचे, हा हिशेबाचा पाया आपल्या कारकुनांना ठाऊक होता. संगणकात हे तत्त्व प्रथम बँकांच्या आणि आरक्षणाच्या कोठारांसाठी रुजले, त्यात आयबीएममधील जिम ग्रे यांचे नाव मोठे. फाइल-व्यवस्थेत ते झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९८७ च्या सुमारास, आयबीएमच्या युनिक्समध्ये १९९० मध्ये आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएसमध्ये १९९४ मध्ये आले. वेरिटास या कंपनीची व्यवस्थाही याच पठडीतली, आणि त्या कंपनीचे मोठे केंद्र आपल्या पुण्यात होते. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये आराखडा मांडला, आणि ‘एक्स्ट-३’ या नावाने तो २००१ च्या नोव्हेंबरात मुख्य गाभ्यात, २.४.१५ या आवृत्तीत दाखल झाला.

रीत अशी. ती तीन ठिकाणची नोंद आधी रोजकीर्दीत सलग लिहायची आणि शेवटी ‘पुरे’ अशी खूण करायची. मग सवडीने खतावणी फिरवायची. वीज गेली तर पुन्हा उठल्यावर फक्त रोजकीर्द पाहायची. ‘पुरे’ असेल तर खतावणीत उतरवून घ्यायची, ‘पुरे’ नसेल तर ती नोंद सोडून द्यायची. दोन भाडेकरूंचा घोळ संपला आणि तासांचे काम सेकंदांवर आले. दैवाचा खेळ असा की याच २.४.१५ आवृत्तीत एक निराळाच दोष शिरला होता. डिस्क रीतसर उतरवताना वही बिघडत असे. तीन दिवसांत २.४.१६ काढून तो दुरुस्त करावा लागला. वीज गेल्यावर टिकणारी वही नीट बंद करताना फाटावी, याला काय म्हणावे!

येथे मला माझ्या कामातील एक प्रकार सांगितला पाहिजे. एका कारखान्यात दुसऱ्या पाळीची सुमारे दोनशे माणसांची हजेरी यंत्रातून गेली. माणसांनी कार्ड लावले, यंत्राने हिरवा दिवा दाखवला, मग वीज गेली आणि सकाळी नोंद नव्हती. व्यवस्थापनाचे म्हणणे, यंत्रात नाही म्हणजे माणूस नव्हता. अखेर फाटकावरील पहारेकऱ्याच्या हातच्या रजिस्टराने ती पाळी वाचवली. परंतु त्या दिवसापासून हिरवा दिवा आणि पक्की वही यांमध्ये किती टप्पे आहेत हे शोधण्याचा मला नाद लागला. ते टप्पे पुष्कळ आहेत. कार्यक्रम गाभ्याला सांगतो, गाभा खर्ड्यात टिपतो, खर्डा डिस्ककडे जातो, आणि डिस्कच्या आतही एक लहानसा खर्डा असतो! डिस्क “मिळाले” म्हणते ते पुष्कळदा त्या आतल्या खर्ड्याबद्दल. तो रिकामा करून घेण्याची सक्ती गाभा करू शकतो. पण तिने वेग घटतो म्हणून ‘एक्स्ट-३’ मध्ये कित्येक वर्षे ती न सांगता बंद असे; ‘एक्स्ट-४’ ने ती न सांगता चालू ठेवली.

ज्याला खात्री हवी त्याच्यासाठी एक हुकूम १९८३ च्या बर्कले युनिक्सपासून आहे: ‘एफसिंक’. माझे हे पान पक्क्या वहीत जाईपर्यंत मला “झाले” म्हणू नका, असा त्याचा अर्थ. हा हुकूम न करणाऱ्याला गाभ्याने काहीच वचन दिलेले नाही. असे कागदोपत्री असले तरी व्यवहारात ‘एक्स्ट-३’ ची ठेवण अशी होती की मजकूर आधी, त्याची रोजकीर्द मागून, आणि हे सारे पाच-पाच सेकंदांनी. त्यामुळे जुन्या फाइलीच्या जागी नवी बसवताना हुकूम न करताही सहसा नुकसान होत नसे. कार्यक्रम लिहिणाऱ्यांची तशी सवय झाली. २००८ च्या डिसेंबरात ‘एक्स्ट-४’ पक्की म्हणून जाहीर झाली. तिने वेगासाठी मजकुराला खण नेमून देण्याचे काम लांबणीवर टाकले. नाव बदलल्याची नोंद रोजकीर्दीत लगेच जाई, मजकूर मात्र अर्धा-एक मिनिट खर्ड्यातच राही. मध्येच यंत्र बंद पडले तर फाइलीचे नाव आहे आणि आत शून्य! २००९ च्या आरंभी अनेकांच्या फाइली अशा रिकाम्या निघाल्या आणि मोठा वाद माजला. मुख्य कर्ते थिओडोर त्सो यांचे म्हणणे, नियमात असे वचन कोठेही नाही, हुकूम करायला हवा होता. लोकांचे म्हणणे, इतकी वर्षे चालत आले त्याचे काय?

मजूर-चळवळीतल्या माणसाला हा वाद परका नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, वहिवाटीने चालत आलेली सवलत काढून घ्यायची तर कलम ९-अ खाली एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागे. करारात लिहिली नसली तरी वहिवाट ही वहिवाट. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली आहे. गाभ्याच्या जगात असा कायदा नाही, तरी शेवटी वहिवाटच जिंकली. त्सो यांनी स्वतःच २.६.३० मध्ये अशी तजवीज केली की जुन्या फाइलीवर नवी बसवली तर तिचा मजकूर लांबणीवर न टाकता उतरवला जावा. माझ्या मते त्यांनी योग्य केले, आणि नियमाचा आग्रहही त्यांनी सोडला नाही हेही योग्यच.

पण हुकूम करणाऱ्याला तरी वचन पुरते मिळत होते काय? पोस्टग्रेस हे नावाजलेले माहितीकोठार सुमारे वीस वर्षे काटेकोरपणे ‘एफसिंक’ करीत आले होते. हुकूम फसला तर ते पुन्हा एकदा करी आणि “झाले” असे उत्तर आले की पुढे जाई. २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी दाखवून दिले की लिनक्समध्ये डिस्कवर पान चढवताना अपयश आले तर गाभा ते एकदा सांगे, आणि त्याच वेळी खर्ड्यातील त्या पानावरची ‘उतरवायचे आहे’ ही खूण पुसून टाकी. दुसऱ्या हुकुमाच्या वेळी उतरवण्यासारखे काही उरलेच नसे, म्हणून उत्तर येई, “झाले”. खोटे म्हणाल तर एकही शब्द खोटा नाही. जे शिल्लक होते ते सारे उतरवले. गाभ्याच्या बाजूनेही अडचण होती: काढून घेतलेल्या डिस्कची पाने स्मृतीत अडकवून ठेवायची तर किती दिवस? त्या वर्षीच्या एप्रिलात अमेरिकेतील यूटा राज्यात कर्त्यांची बैठक झाली, तीत दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. गाभ्याने अपयश न कळवता राहू नये अशा दुरुस्त्या केल्या. पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून असे ठरवले की एकदा अपयश कळले की पुन्हा विचारायचे नाही. सगळे काम तेथेच थांबवायचे आणि स्वतःच्या रोजकीर्दीवरून उभे राहायचे.

आता सर्वांत अडचणीची जागा. गिऱ्हाइकाचे लिहून घेणे हे मुनिमाचे काम. पण मुनिमालाच स्वतःच्या मनचे काही वहीत लिहायचे झाले तर? म्हणजे गाभ्यातील आज्ञावलीने स्वतः फाइल उघडून लिहायचे. हे करू नये असे नवशिक्यांना नेहमी सांगतात. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००५ मध्ये लिनक्स जर्नल मासिकात यावर एक लेखच लिहिला. कारणे खरी आहेत. फाइल कोणाच्या घरातील, कोणाच्या अधिकाराने उघडायची, हे गाभ्याला स्वतःचे असे ठाऊक नसते. ती आज्ञावली आधीच एखादे कुलूप धरून बसली असेल, आणि लिहिण्यासाठी लागणारे कुलूप तिच्या आधी घ्यायचे असेल. शिवाय लिहिण्यासाठी स्मृती लागते. स्मृती संपली असेल तर ती मोकळी करण्यासाठी खर्ड्यातील पाने डिस्कवर उतरवावी लागतात, आणि ती उतरवण्यासाठी पुन्हा तेच कुलूप! आडात पडलेला पोहरा काढायला तोच पोहरा हवा, अशातला प्रकार. यासाठी गाभ्यात स्मृती मागताना “देता येईल तेवढी द्या, पण त्यासाठी फाइल-व्यवस्थेकडे जाऊ नका” असे बजावून मागण्याची सोय ठेवावी लागली.

दुसरे संकट पहाऱ्याचे. गिऱ्हाईक मजकुराचा पत्ता देते तेव्हा तो पत्ता कठड्याच्या बाहेरचाच आहे ना, हे गाभा तपासतो, नाहीतर कोणीही गाभ्याची खासगी पाने वाचून घेईल. पण गाभा स्वतः गिऱ्हाईक होऊन आतला पत्ता देऊ लागला की हा पहारा त्यालाच अडवी. म्हणून ‘सेट-एफएस’ नावाची एक युक्ती फार पूर्वीपासून होती: थोडा वेळ पहारा उठवायचा, लिहायचे, पहारा परत बसवायचा. परत बसवायला विसरले तर? २०१० मध्ये नेल्सन एलहेज यांनी दाखवले की विसरण्याचीही गरज नाही. पहारा उठलेला असतानाच ते काम दोषामुळे कोसळले, तर मरता मरता गाभा त्याच्या नावे एक शून्य लिहितो, आणि ते कोठे लिहायचे तो पत्ता गिऱ्हाइकाने आधीच देऊन ठेवलेला असतो. पहारा नसल्यामुळे ते शून्य थेट गाभ्याच्या अंगात लिहिता येई. क्रिस्टोफ हेलविग यांच्या पुढाकाराने ही युक्ती २०२० मध्ये प्रमुख यंत्रप्रकारांवरून आणि २०२२ मध्ये, ५.१८ या आवृत्तीत, सगळीकडून हद्दपार झाली. आता गाभ्याला लिहायचे तर त्यासाठी निराळे दार आहे, आणि पहारा जागचा हलत नाही.

तरी गाभ्याने स्वतः लिहिण्याची काही कामे टळत नाहीत. त्यांतील सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे मृतांची नोंद. १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून अशी सोय आहे की एखादा कार्यक्रम संपला की त्याने किती वेळ घेतला, कोणाच्या नावाने चालला, याची एक ओळ गाभा स्वतःच एका फाइलीत लिहितो. गिऱ्हाईक तर संपले, मग लिहिणार दुसरे कोण? लिनक्सने ही सोय १९९० नंतरच्या दशकात घेतली. तिच्यात बारीक व्यवहारज्ञान आहे. डिस्कवर शेकडा दोन जागा उरली की नोंद थांबते आणि शेकडा चार झाली की पुन्हा चालू होते, कारण नोंदीनेच डिस्क भरून पेढी बंद पडू नये.

या मृत्युनोंदीला एक कुलूप फार उशिरा मिळाले. डिस्कची हुबेहूब प्रत घेताना सगळी वही क्षणभर गोठवून ठेवावी लागते. गोठवलेली असता कोणी लिहू लागला तर प्रत फाटते. यान कारा यांनी २०१२ मध्ये ही व्यवस्था नव्याने बांधली. लिहू इच्छिणाऱ्याने फाइलीचे कुलूप घेण्याआधी “वही गोठलेली नाही ना” याचे कुलूप घ्यावे, हा क्रम पक्का केला. सामान्य गिऱ्हाईक येथे थांबून राहते. पण मरणाऱ्या कामाला थांबवून ठेवले तर त्याच्या हातातील इतर गोष्टी सुटणार कशा? म्हणून मृत्युनोंद थांबत नाही. कुलूप मिळाले तर लिहिते, वही गोठलेली असेल तर ती ओळ सोडून देते. पगारपत्रकाच्या बाबतीत असे कोणी केले तर मी दाराशी धरणे धरीन. पण येथे दुसरा मार्ग मला दिसत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत याच जागी आणखी एक भोक सापडले. मृतांची नोंद कोणत्या फाइलीत करायची हे यंत्राचा अधिकारी ठरवतो. कोणी तेथे साध्या फाइलीऐवजी गाभ्याचेच एक कळीचे दार दाखवले, म्हणजे ज्यावर लिहिले असता झोपलेले यंत्र जागे करण्याची खटपट सुरू होते असे दार. त्या खटपटीत गाभा एका फाइलीचे नाव शोधू लागे. नाव शोधायला आपण कोणत्या घरात उभे आहोत हे लागते. पण लिहिणारा तर मेलेला, त्याचे घर एक पाऊल आधीच परत घेतलेले. गाभा रिकाम्या जागेवर पाय देऊन कोसळे. क्रिस्टियान ब्राउनर यांनी दोन गोष्टी केल्या. गाभ्याच्या अशा अंतर्गत दारांवर मृत्युनोंद लिहिण्यास बंदी घातली. आणि शेवटची ओळ मरणाऱ्याच्या हातून लिहवून न घेता, ज्याचे घरदार शाबूत आहे अशा गाभ्यातील दुसऱ्या सेवकाकडे ते काम दिले. तो सेवक मृताचा हिशेब हाती घेतो, नोंद उघडणाऱ्याच्या मूळ अधिकारानेच फाइलीत शिरतो, गोठण्याचे कुलूप पाहतो, ओळ लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो.